उसना कोयता
(घरच्या लोखंडाची निगा व त्यापासून बोध)

पाठासाठी भाग : 2 राजे 6:1–7

संदेष्ट्यांचे शिष्य यार्देन नदीकाठी लाकडे तोडीत असता त्यांच्यातील एकाच्या कुऱ्हाडीचे लोखंड निसटून पाण्यात पडले. त्याने अलीशाजवळ जो आकांत केला, तो लोखंड गेले एवढ्यासाठी नव्हता. ते उसने आणलेले होते, हे त्याचे खरे दुःख होते. महाड व पोलादपूर तालुक्यांतील आमच्या वाचकांस हा प्रसंग फोड करून सांगण्याची गरज नाही. राबासाठी कवळ तोडावयाची असो की कुंपणाची काटी, शेजारचा कोयता मागून आणण्याची वेळ कोणत्या घरावर येत नाही? आणि मागून आणलेला कोयता गंजून परत गेल्यामुळे एकाच मंडळीतील दोन घरे बोलेनाशी झालेलीही आम्ही पाहिली आहेत. त्या शिष्याचे लोखंड एका क्षणात पाण्यात पडले, म्हणून सर्वांच्या ध्यानात आले. आपले लोखंड खुंटीवर टांगल्या जागीच पाण्याच्या स्वाधीन होते, ते मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून ह्या आठवड्याचा पाठ कोयत्याविषयी घेतला आहे.

गंज म्हणजे काय

लोखंड, पाणी व हवेतील प्राणवायू ह्या तिघांचा संयोग झाला म्हणजे गंज उत्पन्न होतो. आपल्या कोकणच्या जांभ्या दगडाचा तांबूस रंगही लोखंड व प्राणवायू यांच्या संयोगाचाच आहे. गंजणारा कोयता जणू ज्या मातीतून आला त्या मातीत परत जाऊ लागतो. तांब्यावर चढणारी हिरवी पुटे काही अंशी आतील तांब्याचे रक्षण करितात. गंजाचे तसे नाही. तो सच्छिद्र असून ओलावा धरून ठेवितो व पोपडे सोडून आतील कोरे लोखंड पुन्हा हवेपुढे उघडे करितो. म्हणून एका ठिपक्याची उपेक्षा केली, तर तेथे खड्डा पडतो.

लोहार पुष्कळदा जुन्या मोटारीच्या कमानीच्या पाट्यापासून कोयता घडवितो. त्या पोलादात 100 भागांत सुमारे अर्धा भाग कार्बन असतो. त्यामुळे त्यास पाणी दिले असता धार कडक होते व टिकते. परंतु गंजापासून रक्षण करणारे असे त्यात काही नसते. 1913 साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद तयार केले. तशा पोलादात 100 भागांत निदान 10.5 भाग क्रोमियम असते व त्याचा अदृश्य पापुद्रा पृष्ठभागास झाकितो. आपल्या कोयत्यास हा पापुद्रा नाही. तो आपल्या हातांनीच द्यावा लागतो.

नित्याची निगा

सह्याद्रीच्या पायथ्याच्या ह्या दोन तालुक्यांत वर्षाकाठी सुमारे 3,000 मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात भिंतीही घाम गाळतात. अशा हवेत कोयता नुसता पुसून भागत नाही. काम संपताच चीक, माती व घाम धुवून काढावा. घामात मीठ असते व मिठाने गंज फार वेगाने चढतो. कैरी, आमसूल, चिंच यांचा आंबटपणा विळीच्या पात्यास लागल्यास तोही लगेच धुवावा. मग कोरड्या फडक्याने पुसून पाते चुलीच्या उबेवर हातास सोसेल इतकेच तापवावे. निखाऱ्यात मात्र धरू नये. धार निळी दिसू लागली, तर लोहाराने दिलेले पाणी उतरले असे समजावे. मग कितीही घासले तरी धार टिकावयाची नाही.

पाते ऊबदार असतानाच तेलाचा पातळ हात द्यावा. ज्या पात्याने अन्न चिरावयाचे, त्यास खोबरेल बरे; करंजेल खाण्याचे नव्हे, म्हणून ते रानातल्या कोयत्यासच लावावे. मोटारीचे जळके काळे तेल फुकट मिळते, पण ते वापरू नये. त्यात आम्ल द्रव्ये व पाणी उतरलेले असते. ते लोखंडास बाधक असून हाताच्या कातडीसही वाईट.

पावसाळ्याची बेगमी

ज्या कोयत्याला रोज हात लागतो तो सहसा गंजत नाही. लावणी आटोपल्यावर जो विळा कापणीपर्यंत विसावतो, तोच गंजतो. असे हत्यार ठेवण्यापूर्वी एक भाग मधमाशांचे मेण व तीनचार भाग खोबरेल मंद आचेवर एकत्र वितळवून, निवत आल्यावर पात्यास चोळावे. नंतर ते चुलीवरच्या माळ्यावर, जेथे हवा कोरडी राहते, तेथे ठेवावे. परंतु त्यावर राख साचू देऊ नये, कारण राख ओलावा ओढते. गोणपाटात गुंडाळणे किंवा मातीच्या भिंतीस टेकवून ठेवणे हेही तितकेच घातक.

काही घरांत वडिलोपार्जित शिकारीचा सुरा असतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून त्याचे रानातील काम संपले आहे. तो ठेवावयाचा तर चामड्याच्या म्यानात ठेवू नये. कमावलेल्या चामड्यात क्षार व आम्ल द्रव्ये असतात व ते दमट हवा शोषून घेते. म्यान बाहेरून सुबक दिसते आणि आत सुरा कुजत असतो.

गंज चढल्यावर

22 जुलै 2021 रोजी सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. पुरात सापडलेले हत्यार मिळताच प्रथम स्वच्छ पाण्याने चिखल धुवावा. वाळलेला चिखल तसाच राहिला, तर त्याखाली गंज वाढत जातो. हलका गंज राख व काथ्याने घासून निघतो. दाट गंजावर आमसुलाचे वा चिंचेचे पाणी काही घटका लावावे. रात्रभर ठेवू नये, कारण आंबट पाणी गंज संपल्यावर लोखंड खाऊ लागते. नंतर सोड्याच्या पाण्याने धुवून, वाळवून, निसण्यावर धार लावावी व तेल द्यावे.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. गंजामुळे धनुर्वात होतो असे लोक म्हणतात. धनुर्वाताचे जंतू माती व शेण यांत असतात. चकचकीत कोयत्याची जखमही तितकीच भयाची आहे. जखम साबणाने धुवून दवाखान्यात जावे व लस घ्यावी. बोथट कोयता तर अधिक धोक्याचा, कारण तो लाकडावरून घसरून पायावर येतो. अधिक जोर लावण्यापेक्षा आधी धार लावणे शहाणपणाचे, हा उपदेशकाच्या 10 व्या अध्यायातील विचार येथे अक्षरशः खरा ठरतो.

बोध

शौलाच्या काळी इस्राएलात लोहार उरला नव्हता, आणि फाळ व कुऱ्हाड पाजळावयास लोकांस पलिष्ट्यांकडे उतरून जावे लागे (1 शमुवेल 13). आपल्याही गावांतून तरुण मंडळी मुंबईस जातात व भाते एकामागून एक थंड पडतात. म्हणून जो लोहार आज आपल्या शेजारी आहे, त्याच्या हातच्या कामाचा मान राखावा. आणि ते काम मोल देऊन घेतले असले, तरी त्याची नासाडी करण्याचा हक्क आपणांस मिळाला असे मानू नये.

प्रियजनहो, ज्याच्याजवळ एकच कोयता आहे, त्याने तो तुम्हांस उसना दिला, तर त्याने आपली त्या दिवसाची मजुरीच तुमच्या हाती दिली. तो धुवून, धार लावून, तेल देऊन परत करणे ही शेजारप्रीतीच आहे. आणि आपण ज्यास आपले म्हणतो, ते हात, ती शक्ती, ते दिवस, तेही देवाने उसनेच दिले आहेत. पृथ्वीवरील संपत्तीस कसर व गंज लागतो असे प्रभूने सांगितले, ते निष्काळजीपणास निमित्त व्हावे म्हणून नव्हे. जे उसने आहे, ते मालकापुढे लाज न वाटता ठेविता येईल, अशा स्थितीत राखावे.

विचारासाठी प्रश्न

1. अलीशाच्या शिष्यास लोखंड हरविल्याचे विशेष दुःख का झाले?
2. रोजच्या वापरातील हत्यारापेक्षा ठेवलेले हत्यार अधिक का गंजते? आपल्या कोणत्या दानाची तशी स्थिती झाली आहे?
3. शेजाऱ्याची कोणती वस्तू आज आपल्या घरी आहे, व ती कोणत्या स्थितीत परत जाईल?