पंखा नाही, पोर्ट नाही, तरी एवढी किंमत?

प्रश्न : एनव्हिडियाच्या ए१०० या डेटा सेंटर कार्डात ६,९१२ कुडा कोअर आहेत; आरटीएक्स ४०९० या गेमिंग कार्डात १६,३८४. मग कमी कोअरचं कार्ड कितीतरी महाग कसं? त्याला म्हणे पंखा नाही, मॉनिटर जोडायची सोयही नाही! (एक वाचक, सांगली)

उत्तर : म्हणे कशाला, खरंच नाही. आणि ३२ बिटी आकडेमोडीतही २०२२ चं ४०९० पुढे आहे : सुमारे ८२ टेराफ्लॉप्स, तर २०२० च्या ए१०० चे १९.५.

पण तपशीलपत्रकात आधी मेमरीची ओळ वाचावी. ४०९० मध्ये २४ जीबी मेमरी, ए१०० च्या मोठ्या आवृत्तीत ८० जीबी. तीही एचबीएम जातीची, म्हणजे चिपा एकावर एक रचून मुख्य चिपला खेटून बसवलेल्या. त्यामुळे डेटाची वाट ३८४ ऐवजी ५,१२० बिट रुंद होते आणि वेग सेकंदाला सुमारे १.९ टेराबाइटवर जातो. ४०९० चा सुमारे १. पानं हजार मांडली आणि वाढपी दोनच असले, तर पंगत खोळंबणारच. १३ अब्ज पॅरामीटरचं भाषा-मॉडेल १६ बिटांत ठेवलं, तर नुसतं तेच २६ जीबी होतं. ४०९० मध्ये ते मावतच नाही! मग कोअर कितीही असोत.

दुसरी ओळ ६४ बिटी गणिताची. हवामानाच्या प्रारूपांना ती अचूकता लागते. तिथे ए१०० चे ९.७ टेराफ्लॉप्स, ४०९० चे जेमतेम १.३. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक ए१०० वरच उभा आहे. नोव्हेंबर २०२० च्या टॉप ५०० यादीत तो ६३वा होता. शिवाय एका ए१०० चे सात स्वतंत्र भाग पाडून सात जणांना देता येतात.

मॉनिटरचं पोर्ट नाही, कारण उत्तर नेटवर्कवरून जातं. पंखा नाही, कारण सर्व्हरचे पंखेच कार्डातून जोरात हवा लोटतात. घरच्या कॅबिनेटमध्ये ३०० वॅटची ही उष्णता कोण काढणार? तेव्हा जुनं ए१०० स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. शिकायचंच असेल, तर क्लाउडवर तासाच्या भाड्याने घ्या. गेम खेळायचे असतील, तर ४०९० च बरं.