माळ्यावरची पेटी आणि साठीची बोटे

तरुणपणी भजनी मंडळात पेटी किंवा पखवाज वाजवायचा, पुढे कारखान्यातल्या पाळ्यांमुळे तो सुटायचा आणि निवृत्तीनंतर पुन्हा शिकवणी लावायची, असे बाळकुम, ढोकाळी, कोळशेतकडच्या बऱ्याच मंडळींचे होते. चांगलीच गोष्ट आहे. पण त्यांतली काहीजण महिन्याभरातच मनगट धरून दवाखान्यात येतात. दुखणे थांबते, पेटी मात्र पुन्हा माळ्यावर जाते.

असे का होते? हातांनी एकदा नीट शिकलेले कसब मेंदू सहसा विसरत नाही. थोड्याच दिवसांत बोटे जुन्या पट्ट्या शोधू लागतात आणि माणसाला हुरूप येतो. मात्र सांधे आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे बंध साठ वर्षांचे असतात. त्यांना सवय व्हायला काही महिने लागतात. या काळातच तास-दोन तास रियाज केला की सूज येते. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्या परंपरेतल्या परीक्षांना आज प्रौढही बसतात. जरूर बसा, पण तारीख गाठायची म्हणून हाताला राबवू नका.

सुरुवातीला सकाळी पंधरा मिनिटे, संध्याकाळी पंधरा मिनिटे पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल तर वेळ निम्मी करा. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवू नये; रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मुळीच नाही. पेटी आधी दुरुस्त करून घ्या. भाता गळत असला की डाव्या हाताला उगाच दुप्पट श्रम पडतात. गुडघे दुखत असतील तर पेटी टेबलावर ठेवून खुर्चीत बसावे, त्यात कमीपणा कसला?

मधुमेह असणाऱ्यांनी नमस्कारासारखे तळवे जोडून पाहावेत. बोटे एकमेकांना सपाट टेकत नसतील तर सांधे आखडले आहेत असे समजावे. अशांनी आधी साखर तपासून घ्यावी आणि कोमट पाण्यात बोटे हलवून मगच वाजवायला बसावे. बोट वाकवल्यावर अडकत असेल, किंवा रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर रियाज थांबवून डॉक्टरांना हात दाखवा. मनगटात नस दबली असेल तर वेळीच उपचार झालेले बरे.

बासरी, सनई किंवा क्लॅरिनेटकडे वळणाऱ्यांनी डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा. जोर लावून फुंकताना तो तात्पुरता वाढू शकतो. काचबिंदू असेल तर नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका.