महानीलेतील स्टेंट : आराम आणि त्यामागचे धोके

अहवाल वर्षात कर्करोग विभागात आलेल्या काही रुग्णांच्या तक्रारी एकसारख्या होत्या. सकाळी चेहरा सुजलेला, सदऱ्याची कॉलर गळ्याशी घट्ट, वाकले की डोके जड आणि उताणे झोपले की श्वास कोंडणारा. डोके, मान व हातांकडील रक्त हृदयाकडे आणणारी ऊर्ध्व महानीला छातीतील गाठीने दाबली गेली, की असे घडते. १७५७ मध्ये विल्यम हंटर यांनी या अवस्थेचे वर्णन केले, तेव्हा कारण उपदंशाने फुगलेली महारोहिणी हे होते. आज बहुतेक रुग्णांत फुप्फुसाचा कर्करोग वा लिम्फोमा आढळतो.

जांघेतील शिरेतून तार नेऊन दबलेल्या जागी धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, उघडला जातो. डोकेदुखी अनेकदा काही तासांत कमी होते, चेहऱ्याची सूज एक-दोन दिवसांत उतरते. हा पालट पाहून नातेवाइकांना रोगच बरा झाल्यासारखे वाटते. हा समज आम्ही वेळीच दूर केला नाही, हे नमूद केले पाहिजे.

एका रुग्णाची सूज संध्याकाळपर्यंत निम्म्याने उतरली होती. रात्री मात्र त्यांना धाप लागली. अडलेले रक्त एकाएकी मोकळे होऊन हृदयाकडे धावले आणि दुबळ्या हृदयाला ते न पेलल्याने फुप्फुसांत पाणी साचले. प्राणवायू व लघवी वाढविणारी औषधे देऊन ते सावरले. "आम्हांला हे आधी का सांगितले नाही?" हा त्यांच्या मुलाचा प्रश्न रास्त होता.

इतर धोकेही आहेत. महानीलेचा खालचा भाग हृदयाच्या आवरणात असतो. तेथे शीर फाटल्यास आवरणात रक्त साचून हृदय दाबले जाते आणि सुईने ते तत्काळ काढावे लागते. हे क्वचित घडते, पण मिनिटांचाच अवधी मिळतो. स्टेंट सरकून हृदयात जाऊ शकतो. काही आठवडे वा महिन्यांनी त्यात गुठळी होते, किंवा गाठ जाळीतून आत वाढून मार्ग पुन्हा बुजवते. गुठळी टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे द्यावीत, तर रक्तस्रावाची भीती. त्यांचा निर्णय रुग्णागणिक करावा लागतो.

स्टेंटने गाठ लहान होत नाही. शिवाय लिम्फोमा व फुप्फुसाचा लघुपेशी कर्करोग रसायनोपचाराला बहुधा लवकर दाद देतात. अशा काही रुग्णांना स्टेंटची गरजच पडत नाही. म्हणून श्वासमार्ग धोक्यात नसेल, तर आम्ही आधी बायॉप्सी करतो.

आता संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी हे सारे धोके मराठीत समजावून सांगितले जातात. स्टेंटनंतरची पहिली रात्र रुग्ण देखरेख कक्षात काढतो. घरी जाताना नातेवाइकांना एवढेच सांगतो : चेहरा पुन्हा सुजला, धाप लागली वा छातीत दुखले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्री असल्यास रात्रीच, या.