बधिर बोटांचा धडा

सुरतेच्या उकाड्यात वाढलेला मी जानेवारीत मनालीजवळ बर्फावर चढत असताना माझी बोटे पांढरीफटक व बधिर झाली. सोबती त्यांवर बर्फ चोळू लागला. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याने १८१२ च्या रशियन स्वारीनंतर हाच उपाय सांगितला होता; परंतु त्याने त्वचा अधिकच दुखावते. शेकोटीही घातक, कारण बधिर बोटांना भाजलेले कळत नाही. मी हात काखेत धरले, मग तंबूत ३७ ते ३९ अंश सेल्सियस पाण्यात बुडविले. कळा आल्या, रंग परतला. फोड आले नाहीत, म्हणजे इजा वरवरची होती. ऊब मिळालेली बोटे पुन्हा गोठल्यास हानी वाढते. म्हणून शिखर सोडून परतलो. सुरतेतही काही आठवडे थंड पेला धरताच बोटे झोंबत. विद्यार्थिमित्रांनो, बधिरपणा जाणवताच थांबा. माघारीची लाज बाळगू नका.