गणित घेऊन बारावी झाली, आता एमबीबीएस?

प्रश्न : माझ्या मुलीने बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलं, जीवशास्त्र सोडलं. इंजिनिअरिंगचं एक वर्ष झाल्यावर आता म्हणते, डॉक्टरच व्हायचंय. बारावी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल का? (एक आई, सांगली)

उत्तर : नाही. तिला जीवशास्त्र तेवढं द्यावं लागेल.

पूर्वी हे जमत नसे. १९९७ च्या नियमांनुसार अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं जीवशास्त्र प्रात्यक्षिकांसह नियमित शिकलेलं असणं सक्तीचं होतं. मागाहून दिलेला विषय धरत नसत. सोळाव्या वर्षी घेतलेल्या एका निर्णयाने कितीतरी मुलांची वाट कायमची बंद व्हायची, आणि ते अन्यायाचंच होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २२ नोव्हेंबर २०२३ च्या सूचनेने ही अट काढली. बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त विषय म्हणून दिलेलं जीवशास्त्र आता ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी चालतं. आपल्या राज्य मंडळात याला ‘तुरळक विषय’ म्हणतात. कनिष्ठ महाविद्यालयात आधी जाऊन फॉर्मची तारीख आणि प्रात्यक्षिकांची सोय, दोन्ही विचारून घ्या.

खुल्या प्रवर्गात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांचे मिळून ५० टक्के गुण लागतात, आरक्षित प्रवर्गात ४०. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. कमाल वयाची अट नाही. त्यामुळे ‘उशीर झाला’ असं तिला कुणी म्हणत असेल, तर ते मनावर घेऊ देऊ नका.

खरी कसोटी पुढे आहे. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण अशा विषयाचे, ज्याला तिने दहावीनंतर हात लावलेला नाही. चुकलेल्या उत्तराला एक गुण जातो. भौतिकशास्त्रात मात्र ती बऱ्याच जणांच्या पुढे असेल. जीवशास्त्रवाल्या मुलांना तोच पेपर घाम फोडतो. तिने एनसीईआरटीची अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं आकृत्यांसकट, ओळ न सोडता वाचावीत. महागड्या क्लासचे पैसे भरण्याआधी महिनाभर हे करून पाहावं. वनस्पतींचं वर्गीकरण वाचतानाही गोडी टिकली, तर तिची ओढ खरी समजा. आणि तोवर इंजिनिअरिंगचा प्रवेश रद्द करू नका, असं मला मनापासून वाटतं.

पात्र ठरणं म्हणजे जागा मिळणं नव्हे, हेही तिला सांगा. पात्रतेला खुल्या प्रवर्गात ५० पर्सेंटाइल पुरतं. सरकारी महाविद्यालयाचा कटऑफ त्याच्या खूप वर असतो. सरकारी जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरतात. राज्याच्या जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि अधिवासाचा दाखला लागतो. आरक्षणाचा लाभ घेणार असाल, तर जात वैधता प्रमाणपत्र आणि जिथे लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर हवं. व्हॅलिडिटीला वेळ लागतो. तो अर्ज निकालाची वाट न पाहता आताच करून टाका.