वाचनयंत्र घेण्यापूर्वी

ई-रीडर घ्यावयाचे ठरले तेव्हा मी प्रथम किमतींची चौकशी केली, आणि तेथेच चुकलो. आपण वाचतो काय, हे आधी पाहावयास हवे होते.

ई-इंकच्या पडद्यात काळे-पांढरे सूक्ष्म कण विद्युत्प्रभाराने वरखाली सरकतात. एकदा उमटलेले अक्षर टिकविण्यास वीज लागत नाही. म्हणून हे यंत्र एका चार्जिंगवर कित्येक दिवस चालते, आणि आपल्या धाराशिवच्या उन्हातही अक्षर फिके पडत नाही. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यास सहा इंची पडदा पुरतो. किंडलवर मराठी पुस्तकांचे स्वतंत्र दालन २०१६ साली सुरू झाले.

आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे दुखणे मात्र निराळे! आमचे जुने ग्रंथ संगणकावर मिळतात ते बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या रूपात. त्यांतील अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते. तेरच्या उत्खननाचा अहवाल मी मित्राच्या सहा इंची यंत्रावर उघडला; दोन पानांतच डोळे शिणले, आणि तक्त्यांतले आकडे तर लागेचनात. अशा वाचनास दहा इंची पडदा हवा, व तो बराच महाग पडतो.

यंत्र उसने मिळाल्यास आपलेच एखादे पान त्यावर उघडून पाहावे. जोडाक्षरे नीट जुळतात का, तेही तपासावे. मी अद्याप पैसे जमवीत आहे. तोवर अहवाल ग्रंथालयात बसूनच वाचतो.