सोलापूरहून मिशिगनला : गाडी, ऑइल आणि एक वही

डेट्रॉइटच्या आसपास, नोवी, ट्रॉय, कँटनमध्ये स्थिरावलेल्या आम्हा चार-पाच सोलापूरकर घरांनी हे मिळून लिहिलंय. नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्या हिवाळ्यात हेच प्रश्न विचारतो.

आधी एक कबुली. तिकडे गाडीची काळजी आपण घेतच नव्हतो, मेस्त्री घ्यायचा. होटगी रोडला गाडी सोडायची, चहा प्यायचा. मागचं ऑइल कधी टाकलं, ब्रेक किती उरलेत, सगळं त्याच्या डोक्यात. इथे काउंटरवर दर वेळी नवा माणूस. तो काळा पडलेला एअर फिल्टर दाखवतो आणि तो खरंच आपल्या गाडीचा आहे का, हेही आपल्याला सांगता येत नाही. म्हणून गाडीत एक साधी वही ठेवा. तारीख, मैल, कोणतं ऑइल, कोणता फिल्टर एवढं लिहा, पावती चिकटवा. ऑइल बाहेर बदललं किंवा स्वतः बदललं, एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही; तसा १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदाच आहे. पण वेळेवर बदललं याचा पुरावा मागितला, तर वहीच कामाला येते.

आता ऑइल. मे महिन्यात ४२-४३ अंश सोसणाऱ्या आपल्या जुन्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० चालायचं, त्यामुळे ‘जाड ऑइल म्हणजे दणकट इंजिन’ हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते काढून टाका. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. जानेवारीत पहाटे उणे २० असताना जाड ऑइल थिजल्या तुपासारखं होतं आणि सुरुवातीचे काही क्षण इंजिन कोरडंच घासतं. बॉनेटखालच्या झाकणावर ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल, तर तेच घाला.

दर ३,००० मैलांना बदला, हा सल्ला जुना झाला. सिंथेटिक ऑइलला बऱ्याच गाड्यांची पुस्तिका ५,००० ते ७,५०० मैल किंवा त्याहून जास्तही देते. ७,५०० मैल म्हणजे सुमारे १२,००० किलोमीटर. मात्र ऑफिस दहा मिनिटांवर असेल तर खुश होऊ नका. थंडीत इंजिन नीट तापण्याआधीच बंद होतं, ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. अशा गाडीचं ऑइल लवकर बदलावं लागतं. मैल कमी झाले तरी वर्षातून एकदा बदलाच.

स्वतः करणार असाल तर आधी भाडेकरार वाचा. बहुतेक अपार्टमेंटांत मनाई असते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, खाली स्टँड हवेतच. अंगाखाली जुनी सोलापुरी चादर उत्तम. इंजिन कोमट असताना चेंबरचा नट काढा, वॉशर नवा घाला. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंगही सुटून आली का, ते बोटाने तपासा. आमच्यातल्या एकाची रिंग वरच चिकटून राहिली. त्यावर नवा फिल्टर बसवला, गाडी सुरू केली आणि पाच क्वार्ट नवं कोरं ऑइल ड्राइव्हवेवर. मांजराच्या पेटीत घालतात ती माती दोन पोती ओतली, तेव्हा डाग आवरला. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, फिल्टर हातानेच आवळा, पान्याने नको.

जळकं ऑइल आपल्याकडे वाळवी लागू नये म्हणून चौकटीला फासतात. इथे ते जमिनीत किंवा गटारात ओतणं गुन्हा आहे. एका गाडीचं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. कॅनमध्ये भरून पार्ट्सच्या दुकानात न्या, बरेच जण फुकट घेतात. कूलंट मिसळलेलं मात्र घेत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. वायपरच्या टाकीत नळाचं पाणी नको, गोठून टाकी तडकते. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरची हवा साधारण एक पीएसआयने घटते. रस्त्यावर टाकलेलं मीठ पत्रा खातं, म्हणून हिवाळ्यात गाडी खालूनही धुवा.

गड्ड्याच्या यात्रेला महिनाभर सोलापूरला गेलात तर बॅटरी बसते. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवायला किल्ली आणि वही शेजाऱ्याकडे ठेवा. परतताना शेंगाचटणी विसरलात, तर पुढच्या वर्षी कोणी किल्ली घेत नाही, हा अनुभव तीन घरांचा.